वेगाची वहिवाट

अभ्यंगस्नाने आटोपली, भाऊबीज झाली, की मुंबई-पुण्याकडच्या कितीतरी कुटुंबांची मोटार अलिबाग-मुरूडच्या वाटेला लागते. पाठीमागे फराळाचे डबे, मुलांच्या हातात चकल्या, पुढच्या खिडकीतून येणारा कार्तिकातला कोवळा वारा. अशा वेळी गाडी हाकणारे चिरंजीव किंवा जावईबापू किती वेगाने चालले आहेत, याकडे मागच्या आसनावरच्या आजींखेरीज कोणाचे लक्ष नसते. आणि आजींचे "हळू रे बाबा" हे वळण आल्यावर निघते, वळणाच्या आधी नव्हे.

पण वाचकहो, त्या गाडीच्या वेगाचा विचार आजींच्याही आधी कोणीतरी करून ठेवलेला असतो. रस्ता कागदावर होता तेव्हा, त्याची पहिली खडी पडायच्या आधी, एका अभियंत्याने ठरवलेले असते की या जागी मोटार अमुक वेगाने येईल. त्या आकड्यावर वळणाची गोलाई ठरते, रस्त्याची बाहेरची कड किती उचलायची ते ठरते, समोरचे किती दूरवर दिसले पाहिजे आणि त्यासाठी डोंगराचा किती कान कापायचा तेही ठरते. अभियंत्याची ही एक प्रकारची भविष्यवाणीच! पंचांगातले भविष्य चुकले तर आपण हसून सोडून देतो. हे चुकले तर गाडी साईडपट्टीवरून खाली जाते.

या भविष्याची गरज फार जुनी नाही. खोपोलीवरून चढणारा बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत खुला झाला. तो आखताना वेगाचा हिशेब कोणी मांडला नाही, कारण बैलाचा वेग सर्वांना ठाऊक होता. चिंता होती ती चढाची. चढ बेताचा राहिला पाहिजे, मग वळण कोपरासारखे दुमडले तरी चालेल. बैल काही वळणावर घसरत नाही. आपल्या कोकणातले बहुतेक जुने रस्ते या बैलबुद्धीने आखलेले आहेत. हा शब्द मी निंदेने वापरत नाही. ज्याच्यासाठी रस्ता करायचा त्याची चाल ओळखून तो केला होता. किनाऱ्यावर तर मोठा रस्ता म्हणजे समुद्रच होता. मुंबईहून रेवसला, पुढे जंजिरा-श्रीवर्धनला माणसे बोटीने जात. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली, ती आठवण या किनाऱ्यावरच्या घराघरांत अजून आहे.

मोटारी आल्या आणि हिशेब बदलला. १९२७ साली सरकारने रस्त्यांच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात बसून अभ्यास केलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल की ज्या रस्त्याने ते पुण्यास आले त्याच्याशीही या नावाचा संबंध आहे? या समितीच्या शिफारशींतून पुढे मध्यवर्ती रस्ता निधी उभा राहिला आणि १९३४ साली 'इंडियन रोड्स काँग्रेस' ही अभियंत्यांची संस्था निघाली. देशातला रस्ता कसा आखावा याचे नियम आजही ही संस्था घालून देते.

त्याच सुमारास अमेरिकेत एक नवल घडत होते. तिथले रस्ते म्हणजे लांबच लांब सरळ पट्टे आणि मधूनच एखादे आवळलेले वळण. सरळ पट्ट्यावर मोटार मोकाट सुटे आणि वळणावर उलटे. १९३६ साली जोसेफ बार्नेट नावाच्या अभियंत्याने सुचवले की रस्ता आखण्याआधी एक वेग धरावा. वस्तीबाहेर पडल्यावर जलद हाकणारी मंडळी जो बेताचा, सारखा वेग राखतील तो. आणि त्या वेगाला साजेल असेच प्रत्येक वळण काढावे. हा झाला आराखड्याचा वेग. कल्पना इतकी सरळ की जगभर तिचा स्वीकार झाला. आपल्याकडच्या नियमांतही ती आली: राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी सपाटीवर ताशी १०० किलोमीटर, चढउताराच्या मुलखात ८०, डोंगरात ५०, आणि अगदी खड्या चढणीवर ४०. जागा अपुरी असेल तर याहून थोडा कमी.

त्या आकड्यातून वळण कसे निघते ते पाहण्यासारखे आहे, आणि गणिताची भीती बाळगायचे कारण नाही. वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जो जोर असतो तो वेगाच्या वर्गाने वाढतो. त्याला अडवणारे दोघेच: रस्त्याची उचललेली बाहेरची कड आणि टायरची पकड. आपल्या नियमांनी कड उचलायची ती शंभरास सातपर्यंत, कारण त्याच वळणावरून गवताच्या पेंढ्यांनी शिगोशीग भरलेली बैलगाडीही जायची असते, आणि ती आतल्या बाजूला कलंडता कामा नये. पकड धरायची ती शंभरास पंधरा. दोन्ही मिळून बावीस. एवढ्यावर ताशी १०० चा वेग निभायचा तर वळणाची त्रिज्या निदान ३६० मीटर लागते. ८० साठी २३० मीटर पुरते. डोंगरात कड दहापर्यंत उचलायला मुभा आहे, म्हणून ५० च्या वेगाला ८० मीटरचे वळण चालते.

इथवर सारे ठीक. घोटाळा पुढे आहे.

आराखड्याचा वेग वळणाला 'याहून लहान होऊ नकोस' एवढेच बजावतो. सरळ पट्ट्याला तो काहीच सांगत नाही. समजा, ८० च्या वेगाचा म्हणून एक रस्ता आखला. त्यात दोन किलोमीटरचा सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना मोकळी खाचरे असलेला पट्टा आला. नियमाने तो निर्दोष आहे. पण त्या पट्ट्यावर ८० ने कोण जाईल? चालकाने आराखडा पाहिलेला नसतो. तो रस्त्याचे तोंड पाहतो, आणि तोंड सांगते, 'ये, सूट.' मग तो ९५ ने, १०० ने वळणापाशी येतो, आणि ते वळण मात्र ८० चेच असते. कागदावर दोन्ही तुकडे एकाच वेगाचे, आणि प्रत्यक्षात त्यांची तोंडे दोन दिशांना.

ऑस्ट्रेलियात जॉन मॅक्लीन या संशोधकाने १९७० नंतरच्या दशकात रस्त्यांवर जाऊन हे मोजून काढले. त्याला आढळले ते असे की ताशी ९० च्या खालच्या वेगासाठी आखलेल्या वळणांवर लोक आराखड्याहून जलद जातात, आणि ९० च्या वरच्या वळणांवर आराखड्याहून हळू. म्हणजे जिथे धोका कमी तिथे सबुरी, आणि जिथे अधिक तिथे घाई. मनुष्यस्वभावाविषयी निराश व्हावे असा हा निष्कर्ष वाटेल. पण खरे कारण एवढेच, की माणूस आपल्या मनाचा एक वेग घेऊन निघतो आणि रस्त्याने ठासून सांगितल्याखेरीज तो फारसा बदलत नाही.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे यात मला व्याकरण आणि वहिवाट यांचा जुना तंटा दिसला तर नवल नाही. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघाले. पण त्यांनीही नियम बांधले ते लोक कसे बोलतात हे ऐकून. लोक कसे बोलतात इकडे कान न देणारा वैयाकरण शेवटी एकटाच शुद्ध बोलत राहतो. रस्त्याच्या शास्त्रातही तेच झाले. आराखड्याचा वेग हे व्याकरण. लोक प्रत्यक्ष ज्या वेगाने जातात ती वहिवाट. गेली पन्नासएक वर्षे जगातले अभियंते ही वहिवाट आधीच कशी ओळखावी याच्या खटपटीत आहेत.

ती मोजतात कशी? रस्त्याच्या कडेला, सहसा दिसणार नाही अशा जागी, रडारची बंदूक घेऊन माणूस उभा करतात. लपून का, तर खाकी रंग किंवा यंत्र दिसले की आपला पाय आपोआप ब्रेकवर जातो. पुढे कोणी आडवे नाही अशा मोकळ्या धावणाऱ्या गाड्याच तेवढ्या मोजायच्या, एस.टी.च्या मागे अडकलेल्याचा वेग हा त्याचा नसून एस.टी.चा असतो. मग शंभर गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने मांडून पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग घ्यायचा. वरचे पंधरा हे जात्याच उतावळे म्हणून सोडून द्यायचे. हा पंच्याऐंशीचा वेग त्या जागेचा खरा वेग मानला जातो.

अशा असंख्य मोजण्यांतून सूत्रे निघाली. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातले एक सूत्र, सपाट किंवा किंचित चढाच्या दुपदरी ग्रामीण रस्त्यासाठी, आकडे थोडे गोळाबेरीज करून असे सांगता येईल: ३,५७५ ला वळणाच्या त्रिज्येने भागा आणि आलेला आकडा १०५ मधून वजा करा. उरला तो पंच्याऐंशीचा वेग. आपल्या नियमांतली तीन वळणे त्यात घालून पाहू. ३६० मीटरचे, १०० च्या वेगाचे वळण: उत्तर येते ९५. २३० मीटरचे, ८० चे वळण: उत्तर ८९. घाटातले ८० मीटरचे, ५० चे वळण: उत्तर ६०. मॅक्लीनचे म्हणणे हुबेहूब! हे सूत्र तिकडच्या चालकांचे, तिकडच्या रुंद रस्त्यांचे. आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू करणे म्हणजे लंडनच्या घड्याळावर पेणमध्ये जेवायला बसणे. पण कल कळतो.

आपला प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण आपला रस्ता एकट्या मोटारीचा कधीच नव्हता. वडखळहून अलिबागला जाताना पोयनाडच्या आसपास एका दृष्टिक्षेपात काय काय दिसते? मुंबईची मोटार, वाळूची मालमोटार, माणसांनी ठासून भरलेली मिनीडोर, मागे टोपली बांधलेली मासेवाल्याची दुचाकी, आणि शाळेतून घरी निघालेल्या पोरी. यांना एकच पंच्याऐंशीचा वेग कसा असेल? म्हणून आपल्याकडच्या संशोधकांनी मोटार, दुचाकी, बस, मालमोटार यांची सूत्रे वेगवेगळी काढण्याचा मार्ग धरला. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतून २०१३ साली प्रसिद्ध झालेले काम या प्रकारचे आहे. मला ते अमेरिकन सूत्रापेक्षा शहाणपणाचे वाटते.

आता ही सारी विद्या घेऊन आपल्या रायगडच्या रस्त्याने जाऊ. पळस्प्याला मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, २०१० च्या फेरमांडणीनंतर ६६ झाला. पळस्पे ते इंदापूर हा तुकडा चौपदरी करण्याचे काम २०११ साली हाती घेतले गेले, आणि ते कसे रखडत गेले याची कथा गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला तोंडपाठ आहे. ती पुन्हा सांगत नाही. मला सांगायचे आहे ते त्या रखडण्याच्या एका परिणामाविषयी, ज्याची तक्रार कोणी करत नाही. तुकड्या-तुकड्याने झालेल्या कामात काँक्रीटचा नवा रुंद पट्टा, मग जुना अरुंद रस्ता, मग मातीचे वळण, मग पुन्हा काँक्रीट असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. खड्ड्याने कंबर मोडते हे खरे. पण खड्डा गाडी हळू करतो. जीव जातो तो खड्ड्यांनंतर लागलेल्या झकास पट्ट्याच्या शेवटी.

शिरढोणच्या, म्हणजे वासुदेव बळवंतांच्या गावच्या पुढे कर्नाळ्याची खिंड लागते. सरळ रुंद रस्त्यावरून आलेली गाडी झाडीत शिरते आणि वळणे सुरू होतात. तशीच नागोठण्यापुढची सुकेळी खिंड. या खिंडींचे नाव अपघाताच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा का येते? तिथली वळणे घाटातल्या वळणांहून वाईट आहेत म्हणून नव्हे. घाट सुरू झाला हे कळते, माणूस सावरून बसतो. खिंड ही सपाटीच्या वेगावर अकस्मात येते. माणगावहून ताम्हिणीमार्गे पुण्याला जाणाऱ्या रस्त्याचेही तसेच. तो रुंद आणि चांगला झाला, रहदारी वाढली, पण डोंगराने आपली वळणे काही सोडली नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये लग्नाच्या मंडळींची बस त्या घाटातल्या वळणावर उलटून पाच जण दगावले.

जर्मन आणि स्विस अभियंत्यांनी यावर जो उपाय काढला तो मला फार पटला. ते रस्त्याचा नकाशा काढून झाला की त्याच्याखाली वेगाची रेघ काढतात. या सरळ पट्ट्यावर अंदाजे इतका वेग, या वळणावर इतका. जातानाची एक रेघ आणि येतानाची दुसरी, कारण दोन्ही दिशांनी वळण सारखे भेटत नाही. मग पाहतात की लागून असलेल्या दोन तुकड्यांतला फरक किती. रुडिगर लाम या जर्मन प्राध्यापकाने त्याची मापे सांगितली: फरक ताशी १० किलोमीटरच्या आत असेल तर आखणी चांगली, १० ते २० असेल तर चालेल, पण सांभाळून, २० च्या वर गेला तर नकाशा परत घ्या. परत घेणे म्हणजे दर वेळी वळण मोठे करणे नव्हे. आपल्या किनाऱ्यावर वळण मोठे करायचे तर कोणाची तरी पोफळी-नारळीची वाडी जाते, आणि वाडी म्हणजे इथल्या घराचा पिढीजात पगार. पण सरळ पट्टा थोडा कमी सरळ करता येतो. ६०० मीटरचे, मग ४०० चे, मग २५० चे असे एकामागून एक आवळत जाणारे वळण ठेवता येते, की चालकाचा पाय आपोआप सैल पडावा.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. वर पकड शंभरास पंधरा धरली ती मुद्दाम हात राखून धरलेली आहे. कोरड्या चांगल्या रस्त्यावर टायरची पकड याच्या कितीतरी पट असते. म्हणून २३० मीटरच्या वळणावर ९५ ने गेले तरी मे महिन्यात काहीही होत नाही. त्या वेळी पकड लागते ती शंभरास चोवीस, आणि ती मिळते. चालक शिकतो की पाटी खोटी आहे. एकदा, दहादा, पन्नासदा त्याचा अनुभव खरा ठरतो. मग जुलै येतो. कोकणातला जुलै! डांबरावर पाण्याचा पापुद्रा, त्यावर तेलाचा ओघळ, टायर झिजलेले; राखलेला हात संपलेला असतो, आणि चालक मात्र मे महिन्याचा धडा गिरवत असतो. मालमोटारीची गत आणखी बिकट. तिचे ओझे उंच असल्याने ती घसरण्याच्या आधीच कलंडते.

तसेच थांबण्याचे. आपल्या नियमांनी ८० च्या वेगाला समोरचे १२० मीटर दिसले पाहिजे, १०० च्या वेगाला १८०. वेग पाव पटीने वाढला आणि लागणारे अंतर दीडपट झाले. यातले पंचावन्न मीटर, ८० च्या वेगाला, नुसते पाहून ब्रेकवर पाय ठेवण्यात जातात. नियम त्यासाठी अडीच सेकंद धरतो.

मग गतिरोधक घाला, असे गावकरी म्हणतात, आणि एका अर्थी ते बरोबर आहे. ज्याचे पोर रस्ता ओलांडते त्याला लामचे मोजमाप सांगून काय उपयोग? पण आखताना जे करायला हवे होते ते नंतर डांबराच्या ढिगाने करायचे, हा उलटा न्याय आहे. त्यातून एस.टी.तल्या म्हाताऱ्या माणसाचे मणके जातात आणि रुग्णवाहिकेतल्या बाळंतिणीचे हाल होतात.

उलट, एक जुना रस्ता पाहा. अलिबागहून रेवदंड्याकडे आक्षी, नागाव, चौल. दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणे आणि गडगे, त्यावर झुकलेल्या पोफळी, मधूनच देऊळ, मधूनच पाराचे झाड. इथे कोणी वेगाची पाटी वाचत नाही आणि तरीही गाडी हळू चालते, कारण रस्त्याचे तोंडच तसे आहे. सुटीच्या दिवशी इथे गाड्यांची रांग लागते आणि मुंबईकर चडफडतात: रस्ता रुंद का करत नाहीत? करतील, कदाचित. पण रुंद केला की वहिवाट बदलेल, हे आधी मोजून मगच कुदळ मारावी. पुढे साळावचा पूल ओलांडला की कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव करत मुरूडचा रस्ता कधी टेकडीवर चढतो, कधी सुरूच्या बनात उतरतो. काशीदला समुद्र एकाएकी दिसतो आणि गाडी हाकणाऱ्याचेही डोळे तिकडे जातात. कोणत्या सूत्रात हे बसवणार?

पंच्याऐंशीच्या वेगावरही माझा एक आक्षेप आहे. अमेरिकेत कित्येक ठिकाणी वेगमर्यादासुद्धा या आकड्यावरून ठरवण्याची रीत आहे. महामार्गावर ते ठीक. पण रस्त्याची वहिवाट म्हणजे मोटारवाल्यांचीच वहिवाट काय? चौलच्या रस्त्याने पायी जाणारी बाई त्या शंभरांत मोजलेलीच नाही. ताशी ३० च्या वेगाने धडक बसली तर पायी माणूस बहुधा वाचतो; त्यापुढे प्रत्येक दहा किलोमीटरला आशा भराभर घटत जाते. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली रस्त्यावर एकही मृत्यू न होऊ देण्याचे धोरण पत्करले ते हे ओळखून: माणसे आणि मोटारी एकत्र वावरतात तिथे वेग ३० चा, आणि रस्ताच असा की त्याहून जोरात जाववणार नाही. म्हणजे लोक किती वेगाने जातील याचा अंदाज बांधायचाच, पण गावाच्या वेशीवर त्या अंदाजाला शरण जायचे नाही.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की आपल्या किनाऱ्याची वहिवाट आता झपाट्याने बदलते आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. पावणेबावीस किलोमीटर, मोटारींना ताशी १०० ची मुभा. दक्षिणेला पोलादपूरच्या पुढे कशेडीचा बोगदा झाला, आणि घाटातल्या अर्ध्या-पाऊण तासाची मिनिटे झाली. अशा रस्त्यावरून उतरलेल्या माणसाचे मन काही काळ त्याच वेगात राहते. बराच वेळ १०० ने आल्यावर ६० हे रांगण्यासारखे वाटते, ही सर्वांच्या अनुभवाची गोष्ट आहे आणि प्रयोगांनीही ती सिद्ध झाली आहे.

आणि अजून सागरी महामार्ग यायचा आहे. रेवस ते रेड्डी असा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता हे बॅ. अंतुले यांचे, १९८० च्या सुमाराचे स्वप्न. ते स्वतः याच जिल्ह्यातल्या आंबेतचे. खाडी माणसाला कशी अडवते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. रेवस-करंजा, रेवदंडा-साळाव, आगरदांडा-दिघी या खाड्यांवरचे नवे पूल आता पुन्हा मनावर घेतले गेले आहेत. रेवसचा पूल झाला की अटल सेतूवरून आलेली मोटार उरण, करंजा करत धरमतरची खाडी ओलांडील आणि वडखळचा वळसा न घेता थेट अलिबाग तालुक्यात उतरेल. पुलाचा आराखडा पक्का असेलच. पण पुलापलीकडे मांडवा, झिराड, चोंढी, किहीम, थळ असे जे जुने रस्ते आहेत, ते आजही बैलगाडीच्या आणि मिनीडोरच्या चालीचे आहेत. तिथल्या शाळा, तिथले नाके, तिथली आंधळी वळणे नकाशावर मांडून त्यांच्याखाली ती वेगाची रेघ काढायला एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाची दहा मुले, दोन रडार बंदुका आणि एक पावसाळा पुरेल. पूल खुला व्हायच्या आत हे झाले, तर कोणते वळण कोणत्या वेगाला भिडणार आहे ते चोंढी-झिराडच्या लोकांना बातमीत वाचावे लागणार नाही.